उशिरा उठणारी जीप

माह्या बाची जीप रेस दाबल्याबरोबर उठत नसे. पाय दाबला की ती आधी इचार करे. मंग असा गचका देऊन उठे, की मांगं बसलेल्या बायांची डोक्शी एकमेकीले लागत. बाया शिव्या देत, बा हासे. "बैल बी सकाळी असाच असते," म्हणे, "अंग मोकळं व्हाले टाइम लागते." बानं बैलजोडी इकून ती जीप घेतली होती, म्हणून त्याच्या तोंडी बैलाशिवाय दुसरी गोष्ट नव्हती. आमचे जुने लोकं बैलाच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलुखभर हिंडत. बा म्हणे, आपलं रगत तेच हाये, फक्त आता बैल पेट्रोल पेते. तांड्यात दुसरी गाडी नव्हती. यष्टी घाटाच्या वर, सडकेनं जाये. बाजाराले जाणारी माणसं, जिनिंगले जाणारा कापूस, यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात जाणारं आजारी माणूस, सारं बाच्या जीपमंधी.

घाट तांड्याच्या अगदी उशाशी. शेवटचं घर गेलं, नाला गेला, की चढाव सुरू. सकाळच्या पहिल्या खेपेले तिथं आल्यावर कोणी न सांगता सारे खाली उतरत आन् पायी घाट चढत. बंडीत बसून आलेले लोकं चढावावर बैलाले हलकं कराले जसे उतरतात, तसे. बा एकटा गचके खात जीप वर नेऊन उभी करे, माणसं धापा टाकत येऊन पुन्हा बसत. दुपारच्या खेपेले मातर कोणी उतरत नसे. दुपारी जीप घोडीसारखी चढे. असं काहून, हे कोणी इचारत नव्हतं. सकाळची जीप येगळी आन् दुपारची येगळी, हे आमाले ऊन-सावलीसारखं वाटे.

माह्या आईले आमच्या बोलीत आमी याडीच म्हणत. तिच्या दोन्ही हातांत कोपरापासून वर चुड्यासारख्या पांढऱ्या बलिया होत्या, भाकर थापताना त्या खडखड वाजत, आन् तो आवाज थांबला की समजाचं भाकरी झाल्या. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. चटणीवर ती जवसाचंच कच्चं तेल ओते. घराले, तिच्या लुगड्याले, आमच्या केसांले, साऱ्याले त्या तेलाचा वास. आता सून म्हणते जवसाचं तेल तब्येतीले चांगलं, दुकानातून बाटली आणते. मी खात नाई. हिवाळ्यात घर अर्धं कापसानं भरे. त्याच्यावरच आमी झोपत, अंगाले खाज सुटे, सकाळी उठलं की भुवयांले, पापण्यांले कापसाची लव. जीपमंधीही तीच लव. बोनेट उघडलं तं आतमंधी पाखराच्या घरट्यासारखं दिसे.

कापसाचीच ती खराब वर्षं होती. बोंडात अळी पडे आन् औषधानं मरत नसे. एकानं मरत नाई तं दोन मिसळा, दोनानं नाई तं तीन. दुकानदार जे सांगे ते लोकं आणत. कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेलेली, त्याच्यात पाठीवर पंप घेऊन शिरलं की औषध पऱ्हाटीवर कमी आन् माणसाच्या अंगावर जास्त. माहा मोठा भाऊ परसू फवारा माराले जाये. आमच्या वावरात बी, लोकांच्या बी. उघड्या अंगानं, कारण एकच सदरा चांगला होता, त्याले वास लागू द्याचा नव्हता. तो मले लय चिडवे, जीपले त्याच्याहून जास्त. बा हँडल माराले लागला की बाजेवरूनच ओरडे, "बा, तिले आधी चहा पाज! उठल्याबरोबर कोणी काम करते का?"

बा म्हणे, "तू करतं का?"

"मी तिच्यावर गेलो ना."

बाले मनातून ते खटके. तो दोनदा लोहाऱ्याले गेला होता, तिथं कारखान्यांच्या बाजूले रहीमभाईचं गॅरेज होतं. दुसऱ्या वेळेले मी बी संग होती. रहीमभाईनं कार्बोरेटर खोलला, जेट फुकले, पंपाचं चामडं नवं टाकलं. मंग सीटवर बसून रेस दाबला. जीप लगेच गरजली. पुन्हा दाबला, पुन्हा गरजली.

"हरसिंग, ये तो मक्खन हाये रे. कायले परेशान करते मले?"

"सकाळी पाहा ना भाई. सकाळी उठत नाई."

"तो मंग रातभर छोड इधर. पुरी ठंडी होऊ दे. सुबे मैं खुद देखतो."

बानं मान हालवली. "फवारणीचे दिवस हायेत भाई. रातीतून कोणाले काही झालं तं तांड्यात दुसरं काही नाई."

रहीमभाईनं बोनेट लावलं. आमाले चहा पाजला आन् जीप तसीच घेऊन आमी परत आलो. त्या दिवसांत दर आठ-पंधरा दिवसांनी कोणीतरी चक्कर येऊन पडे, तोंडाले फेस येये, त्याले घेऊन पळा लागे. बाचं म्हणणं खोटं नव्हतं.

परसू ज्या दिवशी पडला, त्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला तं त्याले काही खावं वाटेना. "डोळ्यापुढं धुकट दिसते," म्हणला. याडीनं चिचेचं पाणी पाजलं, ते उलटून पडलं. ऊन लागलं असन म्हणून सारे झोपले. पहाटे मी उठली तं त्याच्या अंगावरची वाकय घामानं भिजलेली, तोंडातून लाळ, आन् डोळ्यांतली बाहुली मोहरीएवढी. बानं पाह्यलं आन् हँडल घेऊन बाहेर गेला. तांबडं फुटून राह्यलं होतं. परसूले मांगं निजवला, डोकं याडीच्या मांडीवर. मी चाकामांगं लावाचा दगड घेऊन बसली. ते माहं काम असे. संग दोन माणसं आले, काका आन् शेजारचा रामधन.

घाटाखाली ते दोघं सवयीनं उतरले. याडी उतरू शकत नव्हती, परसू तं नाईच. पहिला मोड बानं कसातरी काढला. दुसऱ्या मोडावर, जिथं चढाव लय उभा हाये, तिथं त्यानं गेर पाडला आन् रेस दाबला. जीप इचार कराले लागली. बा ओरडला, "उठ ना वं!" आन् ती बंद पडली. पडली ती मांगं घसराले लागली. मी उडी मारून दगड लावला. बा रेसवर पाय मारत राह्यला, मारत राह्यला, आन् ती पेट्रोल पिऊन बसली. मंग हँडल मारूनही उठेना. काकानं मारलं, रामधननं मारलं, बानं मारलं. त्याच्या हाताची सालं निघाली. याडी आतून एकच इचारे, "काय झालं? ओ, काय झालं?" परसूचा श्वास घागरीत पाणी भरावं तसा वाजत होता. शेवटी सूर्य डोंगराच्या वर आला तवा जीप उठली. उठली आन् मंग यवतमाळपर्यंत कुठीच अडली नाई. असी पळाली, की रस्त्यातले लोकं वळून पाहत.

दवाखान्यात त्याले सुया देल्या. डॉक्टर धावपळ करत होता, वाईट माणूस नव्हता. "घाम सुटला तवाच आणाचं ना," एवढंच म्हणला. दुपार व्हायच्या आत परसू गेला.

लोकं येऊन बसले. कोणी औषधाच्या दुकानदाराले शिव्या देल्या, कोणी नशिबाले, कोणी म्हणे त्याचं एवढंच होतं. बा कोणाच्याच बोलण्यात नव्हता. तेरवी झाली, पाव्हणे गेले, आन् दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बोनेट उघडलं. मंग रोज तेच. भाकर खात नसे, वावरात जात नसे. पेट्रोलची नळी काढून फुकली, टाकी धुतली, कार्बोरेटर खोलून फडक्यावर मांडला आन् एक एक छेद घोड्याच्या केसानं साफ केला. परत बसवला. सकाळी चालू केली, रेस दाबला. जीप इचार करे आन् उठे. तेच. तो पुन्हा खोले. माह्या मनात येये, याले कायले एवढं पाह्यजे आता? पोरगा तं गेला. आता या वयात समजते. जीपमंधी काही सापडलं नसतं, तं मंग दोष त्याच्याच पायात होता, त्याच्याच हातात होता.

एका सकाळी त्यानं मले बोनेटपाशी उभं केलं. "मी दाबतो, तू पाह. पेट्रोल कुठून गळते का पाह." चालू झाली. मी वाकून पाहत होती. कार्बोरेटरच्या बाजूले एक छोटा लोखंडी कान असते, रेसची तार त्याले बांधलेली. रेस दाबला की तो कान फिरते, हे मले माहीत होतं.

बा सीटवरून म्हणला, "दाबलं. गळते का?"

"बा, तू दाबलं नाईस."

"दाबलं ना मी!"

"मंग हा कान काहून नाई हालला?" आन् मी असं म्हणेपर्यंत तो कान एकदम फिरला आन् जीप गरजली. "आता हालला."

बा उतरून आला. मले सीटवर बसवलं, आन् त्यानं बोटानं तो कान फिरवला. जीप लगेच उठली. पुन्हा फिरवला, लगेच उठली. इचार नाई, गचका नाई. मंग मले म्हणला, "दाब." मी पाय दाबला. पाय खाली गेला आन् जीप गप्पच. मंग उठली. बा तसाच उभा राह्यला. मशीन चांगली होती. कार्बोरेटर चांगला होता. पाय आन् मशीन यांच्या मधात जी तार होती, ती अडकून राह्यली होती. तार एका नळीतून जाये, ती नळी मशीनच्या अंगावरून. मशीन तापली की नळी तापे आन् तार मोकळी होये. लोहाऱ्याले जीप जाये तवा तापलेलीच राहे. रहीमभाईले दिसन कसं?

बानं जीप बंद केली आन् नळीतून तार ओढून काढली. सुखासुखी निघत नव्हती. निघाली ती पिवळ्या-काळ्या गोंदात माखलेली, आन् त्या गोंदात कापसाची लव, वात वळावी तसी गुंडाळलेली. त्यानं बोटावर घेऊन वास घेतला. मी बी घेतला. वास जवसाच्या तेलाचा होता.

बैल होते तवा याडी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्याहिचे खांदे तेल-हळदीनं मळे, आन् बंडीच्या आसाले जवसाचं तेल देये. बैल गेल्यावर पोळा आला, साऱ्या तांड्यात खांदे मळून राह्यले, आन् आमच्या दारात निस्ती जीप. याडी वाटी घेऊन बाहेर आली. जीपच्या तोंडाले हळद लावली आन् जिथं जिथं काही हालते, कुरकुरते, तिथं तिथं तेल सोडलं. बा हासला होता. "मळ, मळ. तिचे बी खांदे दुखत असतीन." त्याच्यानंतर ती दर अवसेले तेल देये. तारेच्या नळीच्या तोंडात तं जरा जास्तच, कारण कुरकुर तिथून येये. बंडीचा आस मोठा असते, त्याले कायचंही तेल चालते. या नळीत ते तेल वाळून गोंद झालं होतं आन् उडती लव धरून बसलं होतं. घरात कोणालेच हे माहीत असाचं काही कारण नव्हतं.

बानं बोटं मातीत घासली. लय येळ घासली. मंग घराकडं पाह्यलं. आतून बलियांचा आवाज येऊन राह्यला होता.

"बाई," मले म्हणला, "याडीले हे सांगाचं नाई. कधीच नाई."

मी मान हालवली. त्यानं नळी रॉकेलनं धुतली, वरच्या गावातून नवी तार आणून टाकली, आन् याडीची तेलाची बुधली उचलून वर मयालीवर ठेवली, जिथं तिचा हात पुरत नव्हता. जुनी तार त्यानं नाल्यात फेकली. मंग जीपवर ताडपत्री टाकली आन् म्हणला, आता मी हिले हात लावत नाई.

थोडेच दिवस गेले. सकाळी उजाडता-उजाडता बाहेर गलका झाला. रामधनच्या बायकोले, देवलीले, बाजेवर टाकून आणलं होतं. ती फवारणीच्या पंपात पाणी टाकाले जाये. तेच सारं, लाळ, घाम, त्या मोहरीएवढ्या बाहुल्या. रामधन बाच्या पायाशी बसला. बा म्हणे, "दुसरी गाडी पाह. सडकेवर जा, यष्टी भेटन."

"यष्टीपर्यंत पुरन का ते, दादा?"

तवा याडी घरातून आली. तेरवीपासून ती कोणासंग चार शब्दं बोलली नव्हती. कोपऱ्यातून हँडल उचललं आन् बाच्या हातात देलं. "काढा जीप," म्हणली. "माहा गेला म्हणून तिनं बी जावं का?"

देवलीचं डोकं याडीनं आपल्या मांडीवर घेतलं. त्याच जागी बसली, तसीच. मी दगड घेऊन बसली. घाटाखाली आलो तं रामधन आन् त्याचा भाऊ सवयीनं उतराले लागले. बा म्हणला, "बसा."

"चढन का दादा?"

"बसा म्हणलं ना."

बानं गेर टाकला आन् रेस दाबला, आन् जीप त्याच्या पायासंगच उठली. पहिला मोड निघाला. दुसऱ्या मोडावर, त्या उभ्या चढावावर, बानं गेर पाडला. मी दगड मांडीवर घट्ट धरला होता. जीप थांबली नाई. माणसांनं भरलेली, थंडगार मशीन, आन् ती असी चढली जसी दुपारच्या खेपेले चढे. रामधन रडत रडत म्हणे, "शाबास, शाबास." मी याडीकडं पाह्यलं. ती देवलीकडं पाहत नव्हती. रस्त्याच्या कडेले पाहत होती, जिथं आमी त्या दिवशी उभे होतो. मले वाटलं होतं जीप चढली तं तिले बरं वाटन. तिचं तोंड असं झालं होतं, जसं तिले आताच कोणी येऊन सांगतलं का पोरगा गेला.

घाटावर आल्यावर तिनं मांगून इचारलं. "काय केलं हिले?"

बा म्हणला, "तार बदलली."

"निस्ती तार?"

"हो."

"हे आधी काहून नाई केलं?"

बाचा पाय रेसवर होता, डोळे रस्त्यावर. मी त्याच्या मांगंच बसली होती. तो म्हणला, "माह्या ध्यानात नाई आलं."

याडीनं पदरानं देवलीचं तोंड पुसलं.

देवली वाचली. अजून हाये, माह्याहून ताठ चालते. पण त्या दिवसापासून याडी बासंग बोलली नाई. भाकर वाढे, आंघोळीले पाणी काढे, ताप आला तं पाय दाबे. बोले मातर माह्यासंग. "सांग तुह्या बाले, भाकर झाली." तो हातभरावर बसलेला राहे. "ऐकलं," म्हणे. माहं लग्न झाल्यावर ती भिंतीकडं पाहून बोले, नाई तं कोंबडीले सांगे. तांड्यातल्या बाया म्हणत, एवढा राग बरा नाई वं, त्याचाही पोरगाच होता ना. याडी म्हणे, "त्याच्या ध्यानात नाई आलं." मी दोघांच्या मधात बसलेली असे. बाकडं पाहे, तो डोळ्यानंच नाई म्हणे. त्याले एकदा मी एकटं गाठून म्हणली, बा, आता सांगून टाकू, एवढे वर्षं झाले. तो म्हणला, "मले ती बोलत नाई, पण भाकर खाते. तिले सांगतलं तं ती भाकर खाईन का?"

बा खाटेवर पडला तवा मले बलावणं आलं. त्याचे डोळे मिटलेले, श्वास चालू होता. याडी उशाशी बसून होती, बलियांनं भरलेले हात मांडीवर. माह्याकडं पाहून म्हणली, "सांग तुह्या बाले. वर पोरगा भेटन, तो इचारीन. त्याले काय सांगाचं ते नीट ध्यानात ठेव म्हणा."

मी बाच्या कानाशी वाकली, पण तो निरोप देला नाई. म्हणली, "बा, याडी बोलली तुह्यासंग."